सतरा वर्षांचं गणित: बीएस्सी-एमएस्सी एकत्र, आणि तेही लवकर?

(ऑडिओ भागाचा लेखी मजकूर. बोलण्यातले अडखळे काढले आहेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

सक्करदऱ्यातून बोलतोय. आज बुधवार आहे, बाजाराचा दिवस. त्यामुळे मागून भाजीवाल्यांचा आवाज आला तर सांभाळून घ्या.

आजचा विषय तुम्हीच दिलाय. बारावीचा निकाल लागला की आपल्या इनबॉक्समध्ये एकाच प्रकारचे मेसेज सुरू होतात. "दादा, केमिस्ट्री आवडते. साधं बीएस्सी करून मग एमएस्सी करू, की पाच वर्षांचं एकत्र घेऊ? आणि आता म्हणे यूजीसीने लवकर डिग्री करायचीही सोय केलीय, ते खरं आहे का?" घरच्यांचा प्रश्न याहून छोटा असतो. एकूण वर्षं किती, आणि पैसे किती?

मी स्वतः बीटेक. चार वर्षांत डिग्री, त्यानंतर नोकरी. त्यामुळे करिअरचा सल्ला देणारा मी कोणी नाही. पण आपला कार्यक्रम इतिहासाचा आहे, आणि या प्रश्नाला सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे. तो वाचताना मला एक गंमत सापडली. आपल्याकडे केमिस्ट्रीत एमएस्सी व्हायला पहिल्या इयत्तेपासून साधारण सतरा वर्षं लागायची. मग सरकारं बदलली, कमिशन आली, बोर्डं बदलली, मॅट्रिक गेली, बारावी आली. तरी बेरीज सतराच राहिली! ती पहिल्यांदा खरोखर कमी होण्याची शक्यता आत्ता, तुमच्या बॅचच्या वेळी आलीय. म्हणून हा भाग नीट ऐका.

११ अधिक २ अधिक २ अधिक २

सुरुवात आपल्या गावापासून करू. सिव्हिल लाइन्समधलं 'इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स' सगळ्यांना माहीत आहे. १९०६ मध्ये ते सुरू झालं तेव्हा नाव होतं व्हिक्टोरिया कॉलेज ऑफ सायन्स. नागपूरला तेव्हा स्वतःचं विद्यापीठच नव्हतं. इथली कॉलेजं आधी कलकत्ता आणि नंतर अलाहाबाद विद्यापीठाला जोडलेली होती. म्हणजे टायट्रेशन नागपुरात करायचं आणि डिग्रीवर शिक्का अलाहाबादचा.

४ ऑगस्ट १९२३ ला नागपूर विद्यापीठ स्थापन झालं. सहा कॉलेजं आणि ९२७ विद्यार्थी, बस. आज आपल्या एखाद्या मोठ्या कॉलेजात याहून जास्त पोरं असतात.

त्या काळी रस्ता असा होता. अकरा इयत्ता करून मॅट्रिक. मग दोन वर्षं इंटरमिजिएट सायन्स. मग दोन वर्षं बीएस्सी. मग दोन वर्षं एमएस्सी. ११+२+२+२. सतरा!

प्रत्येक टप्प्यावर एक गाळणी होती. मॅट्रिकला गळती, इंटरला गळती, बीएस्सीला गळती. आजोबांच्या पिढीतले लोक 'इंटर पास' किंवा 'इंटर नापास' अशी ओळख का सांगायचे, ते इथे कळतं. तिथपर्यंत पोचणं हीच मोठी गोष्ट होती.

आता पैशांचं बघा. केमिस्ट्री हा महागडा विषय. इतिहास शिकायला पुस्तक पुरतं. केमिस्ट्रीला काच लागते, गॅस लागतो, आम्ल लागतं, आणि दर महिन्याला फुटणाऱ्या ब्युरेटी बदलून द्याव्या लागतात. हा खर्च कोणी करायचा? आपल्याकडे त्याचं एक मोठं उत्तर कामठीतून आलं. कामठीचे रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण हे खाणमालक. १९३० च्या मृत्युपत्रात त्यांनी पस्तीस लाखांहून जास्त रक्कम नागपूर विद्यापीठाला दिली, उपयोजित विज्ञान आणि रसायनशास्त्र शिकवण्यासाठी. १९३० चे पस्तीस लाख! त्या पैशातून १९४२ मध्ये लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी उभी राहिली. अमरावती रोडवरून जाताना आपण जिला नुसतं 'एलआयटी' म्हणतो, ती. २०२३ मध्ये तिचं स्वतंत्र विद्यापीठ झालं.

हे सांगायचं कारण असं की डिग्री किती वर्षांची हे फक्त कागदावर ठरत नाही. लॅब किती आहेत आणि त्यांचा खर्च कोण उचलतंय, यावरही ते ठरतं. हा मुद्दा शेवटी परत लागणार आहे.

माहितीपत्रकात नसलेली अट

प्रवेशाच्या अटी म्हटलं की आपल्याला टक्के आठवतात. पण मराठी मुलुखातल्या केमिस्ट्रीच्या इतिहासातली सगळ्यात गाजलेली अट टक्क्यांची नव्हती.

कमला भागवत. लेखिका दुर्गाबाई भागवतांची धाकटी बहीण. लग्नानंतरचं नाव कमला सोहोनी. घरच केमिस्टचं. वडील नारायणराव आणि काका माधवराव, दोघंही बंगळुरूच्या टाटांच्या विज्ञान संस्थेचे, म्हणजे आजच्या आयआयएस्सीचे, अगदी सुरुवातीच्या काळातले विद्यार्थी. कमलाबाईंनी १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठातून केमिस्ट्री आणि फिजिक्स घेऊन बीएस्सी केलं, उत्तम मार्क मिळवले आणि त्याच संस्थेत संशोधनासाठी अर्ज केला.

संचालक होते सी. व्ही. रामन. नोबेल मिळालेले रामन. त्यांनी प्रवेश नाकारला. कारण एकच: अर्जदार मुलगी आहे.

त्या मुलीने हे मान्य केलं नाही. ती बंगळुरूला गेली, समोर उभी राहिली आणि हटली नाही. शेवटी रामन यांनी प्रवेश दिला, पण अटी घालून. पहिलं वर्ष ती नियमित विद्यार्थिनी मानली जाणार नाही. काम समाधानकारक वाटलं तरच ते धरलं जाईल. आणि तिच्यामुळे पुरुष संशोधकांचं लक्ष विचलित होता कामा नये. ही शेवटची अट आज वाचतानाही कानशिलं तापतात.

एक वर्ष तिने एम. श्रीनिवासय्या यांच्या हाताखाली काम केलं, दूध, कडधान्यं यांतल्या प्रथिनांवर. वर्षाच्या शेवटी काम पसंत पडलं. १९३६ मध्ये संशोधनावर एमएस्सी मिळाली. आणि त्यानंतर संस्थेने मुलींना प्रवेश द्यायला सुरुवात केली. म्हणजे एकीने प्रोबेशनवर काढलेलं वर्ष पुढच्या सगळ्यांचा गेट पास झालं.

आता यातला आपल्या विषयाचा भाग. कमलाबाई पुढे केंब्रिजला गेल्या आणि १९३९ मध्ये पीएचडी घेऊन परतल्या. वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम सी हे प्रथिन आहे हे त्यांनी दाखवलं. काम चौदा महिन्यांत पूर्ण झालं होतं आणि प्रबंध होता चाळीस पानांचा. विज्ञानात पीएचडी मिळवणाऱ्या सुरुवातीच्या भारतीय महिलांपैकी त्या एक.

चौदा महिने! आजच्या भाषेत याला 'ॲक्सिलरेटेड' म्हणतील. पण ते चौदा महिने कुठून आले? मागे बंगळुरूच्या लॅबमध्ये घालवलेली वर्षं होती. हात तयार झालेला होता. कुठला प्रयोग कुठे फसतो हे बोटांना माहीत होतं. वेग आधीच्या कामातून आला. कोणी वर्षं माफ केली म्हणून आला नाही.

एकत्र डिग्रीची कल्पना कुठली?

बीएस्सी आणि एमएस्सी एकत्र बांधायची कल्पना शोधत गेलं की एक धागा ऑक्सफर्डला जातो. तिथे १९१६ मध्ये विल्यम हेन्री पर्किन धाकटे यांनी केमिस्ट्रीच्या डिग्रीला एक वर्ष जोडलं. त्याला म्हणतात 'पार्ट टू'. त्या वर्षात लेक्चर नाही, फक्त लॅब. विद्यार्थ्याने एका संशोधन गटात बसायचं आणि स्वतःचा छोटा प्रश्न सोडवून प्रबंध लिहायचा.

यांचे वडील थोरले पर्किन, म्हणजे वयाच्या अठराव्या वर्षी, १८५६ मध्ये, मलेरियाचं औषध बनवताना चुकून जांभळा रंग शोधून काढणारे. कृत्रिम रंगांचा अख्खा उद्योग त्या शोधातून सुरू झाला. लॅबमध्ये हात घातल्याशिवाय काही हाती लागत नाही, हे या घरात वेगळं शिकवायची गरज नसावी.

ऑक्सफर्डची डिग्री त्यामुळे तीनऐवजी चार वर्षांची झाली. पुढे १९९० च्या दशकात ब्रिटनमध्ये अशा चार वर्षांच्या डिग्रीला 'एमकेम' असं नाव मिळालं, म्हणजे थेट मास्टर्स. तिथे बॅचलर्स आणि मास्टर्स एकत्र आले ते एक वर्ष वाचवायला म्हणून नाही. पदवीच्या आतच संशोधनाचं एक वर्ष घालायचं होतं.

हा हेतू डोक्यात ठेवा. 'एकत्र' आणि 'लवकर' हे दोन वेगळे शब्द आहेत. जाहिरातीत ते शेजारी शेजारी येतात, म्हणून आपण एकच समजतो.

रिफॅक्टर झाला, आउटपुट तेच

परत भारतात. स्वातंत्र्यानंतर राधाकृष्णन आयोग बसला, १९४८-४९ मध्ये. त्याने सांगितलं, पदवी तीन वर्षांची करा. त्याप्रमाणे १९५० आणि ६० च्या दशकांत देशातल्या बहुतेक विद्यापीठांत इंटर मोडीत निघालं. त्याच्या जागी प्री-युनिव्हर्सिटीचं एक वर्ष आणि मग तीन वर्षांची डिग्री. तुमच्या आजीआजोबांपैकी कोणी 'पी.यू. सायन्स' म्हणत असतील तर ते हेच. हिशोब काय? ११+१+३+२. सतरा.

मग कोठारी आयोग, १९६४ ते ६६. त्याने दिला १०+२+३. महाराष्ट्रात नव्या पद्धतीची दहावी १९७५ मध्ये आणि बारावी १९७७ मध्ये आली. कॉलेजची दोन वर्षं 'ज्युनियर कॉलेज' झाली. हिशोब? १०+२+३+२. पुन्हा सतरा!

आमच्या कामात याला रिफॅक्टरिंग म्हणतात. आतला कोड पूर्ण बदलायचा, पण बाहेरून पाहणाऱ्याला उत्तर तेच मिळालं पाहिजे.

पण रिफॅक्टरमध्ये एक गोष्ट हळूच बदलली. पूर्वी इंटरची दोन वर्षं विद्यापीठाच्या कॉलेजात, विद्यापीठाच्या लॅबमध्ये जायची. आता ती बोर्डाच्या परीक्षेखाली आली. पुढे कोचिंग क्लास आले आणि अकरावी-बारावीचं प्रॅक्टिकल अनेक ठिकाणी जर्नल भरण्यापुरतं उरलं. तुमच्यातल्या किती जणांनी बारावीत सॉल्ट ॲनालिसिस खरंच केलंय, आणि किती जणांना आधीच कुजबुजून सांगितलं होतं की "अमोनियम क्लोराइड आहे, लिहून टाक"? कमेंटमध्ये नाव न घालता सांगा.

म्हणजे सतरा वर्षं कायम, पण त्यातले लॅबचे तास घटले. मार्कलिस्टवर हे दिसत नाही.

२००६: पाषाण आणि कालिना

आता आपल्या काळात या. २००६ मध्ये केंद्र सरकारने पुणे आणि कोलकाता इथे आयसर सुरू केल्या. पुण्याची आयसर पाषाणला, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या शेजारी. पहिले संचालक कृष्णा एन. गणेश हे त्याच एनसीएलमधले केमिस्ट. कोर्स पाच वर्षांचा, बीएस-एमएस दुहेरी पदवी. पुढच्याच वर्षी, २००७ मध्ये, मुंबईत कालिना कॅम्पसवर मुंबई विद्यापीठ आणि अणुऊर्जा विभाग यांचं केंद्र सुरू झालं. तिथेही पाच वर्षांची इंटिग्रेटेड एमएस्सी.

हिशोब करा. १२+५. सतराच! एक दिवसही वाचला नाही.

मग वाचलं काय? एक, मधली प्रवेश परीक्षा. बीएस्सी झाल्यावर पुन्हा फॉर्म, पुन्हा एन्ट्रन्स, पुन्हा मेरिट लिस्टची वाट, हे सगळं गेलं. दोन, पुनरावृत्ती. साध्या रस्त्यावर बीएस्सीत शिकलेली क्वांटम केमिस्ट्री एमएस्सीच्या पहिल्या सेमिस्टरला पुन्हा पहिल्यापासून येते, कारण वर्गात वेगवेगळ्या कॉलेजांतून पोरं आलेली असतात. एकत्र कोर्समध्ये ती जागा मोकळी होते. आणि त्या जागेत काय घातलं? पाचव्या वर्षी संशोधन. ऑक्सफर्डचाच मार्ग, नव्वद वर्षांनी.

अटी काय? आयसरसाठी बारावी विज्ञान शाखेत किमान ६० टक्के, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना ५५ टक्के. आणि आयएटी ही परीक्षा. फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, बायोलॉजी, प्रत्येकी पंधरा असे साठ प्रश्न. बरोबर उत्तराला चार गुण, चुकलं तर एक वजा. पूर्वी केव्हीपीवाय आणि जेईई ॲडव्हान्स्ड यांतूनही दार उघडायचं. केव्हीपीवाय बंद झाली आणि २०२४ पासून फक्त आयएटी उरली. कालिनाच्या केंद्रासाठी नेस्ट ही परीक्षा असते. नियम दरवर्षी थोडे हलतात, म्हणून त्या वर्षीचं माहितीपत्रक उघडूनच फॉर्म भरा.

इथे आपल्या भागाची गोष्ट येते. या परीक्षा आहेत हेच अनेकांना बारावीच्या निकालानंतर कळतं. सक्करदरा, मानेवाडा, नंदनवन या पट्ट्यात जेईई आणि नीटचे बोर्ड प्रत्येक खांबावर आहेत. आयएटीचा बोर्ड मला तरी दिसलेला नाही. रामन यांची अट तोंडावर सांगितलेली होती, म्हणून तिच्याशी भांडता आलं. फॉर्मची तारीखच माहीत नसेल तर भांडायचं कोणाशी?

खरोखर लवकर: अमेरिकेचं ४+१

'ॲक्सिलरेटेड' हा शब्द आपण उचललाय तो अमेरिकेतून. तिथे नेहमीचा रस्ता चार वर्षं बॅचलर्स आणि साधारण दोन वर्षं मास्टर्स. पण बऱ्याच विद्यापीठांत केमिस्ट्रीचा असा कोर्स असतो की पाच वर्षांत दोन्ही डिग्र्या. इथे बेरीज खरंच एकाने कमी होते.

कशी? साधारण १२० क्रेडिट बॅचलर्सचे आणि ३० मास्टर्सचे. विद्यार्थी तिसऱ्या वर्षाच्या आसपास अर्ज करतो. जीपीए चारपैकी तीन किंवा साडेतीनच्या घरात हवा, प्राध्यापकांची शिफारस हवी. निवड झाली की चौथ्या वर्षी तो मास्टर्सचे काही विषय आधीच घेतो, आणि त्यातले साधारण नऊ ते बारा क्रेडिट दोन्ही डिग्र्यांत धरले जातात. एकच पोळी दोन ताटांत वाढल्यासारखं आहे, पण नियमात बसवून. बाकीचं वर्ष उन्हाळ्याच्या सुट्टीतल्या संशोधनातून भरून निघतं.

पण केमिस्ट्रीत एक गोष्ट तिथेही सोडलेली नाही. अमेरिकन केमिकल सोसायटीची मान्यता असलेल्या बॅचलर्स डिग्रीसाठी कित्येक वर्षं नियम होता: पहिल्या वर्षाच्या प्राथमिक केमिस्ट्रीनंतर किमान ४०० तास लॅब. वर्षं नाही, सेमिस्टर नाही, तास! तुम्ही डिग्री पाच वर्षांत करा नाहीतर चार, चारशे तास उभं राहावंच लागायचं.

कारण साधं आहे. कोड मी रात्रभर बसून दुप्पट लिहू शकतो, आणि सकाळी चुका काढत बसतो. पण ज्या रिॲक्शनला अठरा तास रिफ्लक्स लागतो तिला अठराच लागतात. क्रिस्टल पडायला जितका वेळ लागतो तितका लागतो. कॉलम घाईने चालवला की दोन पदार्थ एकत्रच खाली येतात आणि आदल्या दिवसाची मेहनत पाण्यात.

२०२४: आपल्याकडचं 'लवकर'

आता तुमचा मूळ प्रश्न. चार वर्षांची पदवी आपल्याकडे आधी एकदा येऊन गेली होती. दिल्ली विद्यापीठाने २०१३ मध्ये सुरू केली, मोठं रान उठलं, आणि २०१४ मध्ये ती बंद झाली. मग नवीन शैक्षणिक धोरण, २०२०. त्यात रस्ते तीन. तीन वर्षं पदवी आणि दोन वर्षं मास्टर्स. चार वर्षं ऑनर्स आणि एक वर्ष मास्टर्स. किंवा सलग पाच वर्षांचं इंटिग्रेटेड. तिन्हींची बेरीज? बरोबर, सतरा.

महाराष्ट्रात हे स्वायत्त कॉलेजांत २०२३-२४ पासून आणि विद्यापीठांना जोडलेल्या बाकी कॉलेजांत २०२४-२५ पासून लागू झालं. म्हणजे आपल्याकडच्या साध्या कॉलेजांतली चौथ्या वर्षाची पहिली बॅच २०२७-२८ मध्ये बसेल.

चौथं वर्ष 'संशोधनासह ऑनर्स' हवं असेल तर पहिल्या सहा सेमिस्टरमध्ये ७५ टक्के हवेत. त्यात बारा क्रेडिटचा संशोधन प्रकल्प असतो. लॅबचा एक क्रेडिट म्हणजे तीस तास धरला तर ते झाले ३६० तास. चारशेच्या जवळ, बघा!

आणि मग नोव्हेंबर २०२४ मध्ये यूजीसीने मान्य केलेली पद्धत, ॲक्सिलरेटेड डिग्री प्रोग्राम. एप्रिल २०२५ च्या नियमावलीत ती आली. तीन वर्षांची पदवी जास्तीत जास्त एक सेमिस्टर लवकर, म्हणजे पाच सेमिस्टरमध्ये. चार वर्षांची जास्तीत जास्त दोन सेमिस्टर लवकर, म्हणजे सहामध्ये. पहिल्या किंवा दुसऱ्या सेमिस्टरनंतर कॉलेजची समिती तुमची कामगिरी बघून ठरवणार. मंजूर जागांच्या फक्त दहा टक्के विद्यार्थ्यांना ही संधी. डिग्री नोकरीसाठी बरोबरीची, पण ती कमी वेळात केल्याची नोंद मार्कलिस्टवर राहणार. सावकाश करायची असेल तर त्याचीही सोय आहे, एक्सटेंडेड.

कागदावर बघितलं तर चार वर्षांची ऑनर्स तीन वर्षांत, वर एक वर्ष मास्टर्स. म्हणजे बारावीनंतर चार वर्षांत केमिस्ट्रीची मास्टर्स. बेरीज सोळा! आपल्या इतिहासात सतराचा आकडा मोडण्याची ही पहिली वाट.

पण मोबाइलचा कॅल्क्युलेटर काढा. क्रेडिट माफ नाहीत. चार वर्षांना किमान १६० क्रेडिट, म्हणजे सेमिस्टरला वीस. समजा तुम्ही दोन सेमिस्टर नेहमीच्या वेगाने केले. चाळीस झाले, उरले १२०. ते चार सेमिस्टरमध्ये बसवायचे म्हणजे प्रत्येकी तीस. दीडपट! वरच्या दहा क्रेडिटमध्ये समजा चार लॅबचे निघाले, तर एका लॅब क्रेडिटला आठवड्याला दोन तास या हिशोबाने आठ तास जास्त लॅब. दर आठवड्याला, आहे त्या लॅबच्या वर.

आता आठवा मी सुरुवातीला लॅबच्या खर्चाबद्दल काय म्हटलं होतं. ही जास्तीची लॅब कुठे? टेबलं तीच, असिस्टंट तोच, सकाळची बॅच आणि दुपारची बॅच ठरलेली. इतिहासाचा किंवा कॉमर्सचा विद्यार्थी जास्तीचे विषय वाचून काढेल. केमिस्ट्रीच्या विद्यार्थ्यासाठी कोणीतरी संध्याकाळी लॅब उघडी ठेवली पाहिजे. नियम दिल्लीत बनतो, पण किल्ली तुमच्या कॉलेजच्या लॅब असिस्टंटकडे असते.

मग एक वर्ष वाचवायचं की नाही?

एका वर्षाची किंमत मी हलकी करत नाहीये. ज्या घरात एकच कमावता आहे तिथे एक वर्ष म्हणजे फी, मेस, बसचा पास, आणि शिवाय न मिळालेला पगार. आणि मुलींसाठी तर ते वर्ष आणखी महाग असतं. "अजून किती शिकवायचं पोरीला?" हा प्रश्न बीएस्सी संपली की पाहुण्यांच्या तोंडून पहिला येतो. पाच वर्षांच्या सलग कोर्सचा एक फायदा कुठल्याच माहितीपत्रकात लिहिलेला नसतो: मधे थांबून तो प्रश्न विचारायची जागाच उरत नाही. प्रवेश एकदाच झालेला असतो. कमलाबाईंना एक वर्ष दारात ताटकळावं लागलं होतं. आज एखादी मुलगी आत शिरल्यावर पाच वर्षं दार बंद करून शांतपणे शिकू शकत असेल, तर ते छोटं नाही.

त्यामुळे माझं म्हणणं एवढंच. 'एकत्र' का घ्यायचं याला चांगली कारणं आहेत. 'लवकर' का करायचं यालाही आहेत. पण दोन्ही करताना लॅबच्या तासांवर नजर ठेवा. इतिहासात ज्यांनी वेग घेतला त्यांनी तो तिथून घेतला, आणि जिथे तास गळले तिथे वर्षं तेवढीच राहूनही डिग्री पातळ झाली.

प्रवेश घेण्याआधी कॉलेजला पाच प्रश्न विचारा. स्क्रीनशॉट काढून ठेवा.

एक. मधेच सोडावं लागलं तर हातात काय मिळेल? तीन वर्षांनंतर स्वतंत्र बॅचलर्सची डिग्री आणि मार्कलिस्ट मिळते का? पुढे बीएड किंवा सरकारी फॉर्म भरताना ती मागतात.

दोन. चौथं वर्ष, एक वर्षाची मास्टर्स आणि ॲक्सिलरेटेड सोय या कॉलेजने प्रत्यक्षात सुरू केलीय का, की नुसतं परिपत्रक आलंय?

तीन. संशोधन प्रकल्पाला गाइड किती आहेत? चाळीस विद्यार्थी आणि दोन गाइड असतील तर उत्तर तुम्हाला मिळालं.

चार. आठवड्याला लॅबचे तास किती, आणि एका सेटवर किती जण? चौघांत एक ब्युरेट असेल तर तुमच्या वाट्याला पाव तासच आला म्हणायचा.

पाच. शिष्यवृत्ती या कोर्सला लागू आहे का, आणि वर्षं कमी केली तर तिचं काय होतं?

हे प्रश्न विचारायला लाजू नका. ऑफिसमध्ये क्लर्क म्हणेल, "उद्या या." उद्या जा. नव्वद वर्षांपूर्वी एका बावीस वर्षांच्या मुलीने नोबेल विजेत्यासमोर उभं राहून कारण विचारलं होतं. आपल्याला तर फक्त खिडकीवर उभं राहायचंय.

आजच्यापुरतं इतकंच. तुमच्या घरात कोणी इंटर सायन्स किंवा पी.यू. केलेलं असेल तर त्यांना विचारा, तेव्हा आठवड्यातले किती तास लॅबमध्ये जायचे. उत्तर व्हॉइस नोटने पाठवा, नागपुरी बोलीत असेल तर अजून मजा. चांगल्या नोट्स पुढच्या भागात ऐकवतो. आणि बारावीच्या निकालाची वाट बघणारा कोणी मित्र असेल तर हा भाग त्याला आजच पाठवा, फॉर्मची तारीख गेल्यावर नको.

भेटू पुढच्या बुधवारी.